किती गं वाळलीस!

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी बाहेरगावाहून कुणी आलं की आधी त्याच्या रूपाची पाहणी व्हायची, चहापाणी नंतर. “किती गं वाळलीस!” “गालफडं बसली की रे तुझी.” “बाळंतपणानंतर सुटलीस ती सुटलीसच.” “अगंबाई, कानशिलावर पांढरे? एवढ्यात?” हे सगळं दारातच, पायांवर पाणी घेता घेता. बोलणारी कधी आजी, कधी थोरली काकू, कधी पलीकडच्या बिऱ्हाडातल्या मावशी. ऐकणाऱ्याला ते लागत नसे असं नव्हे. पुण्याहून येणारी आत्या बोळात शिरण्याआधी कोपऱ्यावर थांबायची, तोंड पुसायची, पदर सारखा करायची आणि मगच दाराशी यायची.

आम्ही सख्खी, चुलत, आते भावंडं आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. एकत्र जमलो की बोलणं फिरून फिरून शरीरावर येतं. गुडघे, साखर, झोप, आणि मग जरा आवाज खाली आणून, “मान बघितलीस का माझी? हनुवटीखाली कसं लोंबायला लागलंय.” अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं की आपली आजी, काकू, आई किती सहज म्हाताऱ्या झाल्या, त्यांना रूपाची फिकीरच नव्हती. मला हे पटत नाही. मी त्याच घरात वाढले आणि ती फिकीर मला घरभर दिसत होती. तिला ठरलेले वार होते, तेलं होती, डबे होते, तिच्यावरून वाद होते. मात्र ती एकेकटीने दार लावून करायची गोष्ट नव्हती.

केसांपासूनच सांगते. न्हाण्याच्या आदल्या रात्री लोखंडी कढईत आवळकाठी भिजत पडायची. सकाळी पाणी काळंकुळकुळीत झालेलं असे. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला मिळाला की हा काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून लिहायची शाई बनवत, तीही याच गुणावर. हा रंग केसाला वरवर बसतो. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी एकदा थकल्या की त्यांना कुठलंच तेल नि कुठलाच लेप पुन्हा कामाला लावू शकत नाही. आजीला पेशी ठाऊक नव्हत्या, पण दोन न्हाण्यांत रंग उतरतो हे तिला दिसत होतंच. तरी कढई दर आठवड्याला निघायची. माक्याचं तेल थोरली काकू करायची. माक्याचा रस वस्त्रगाळ करून खोबरेलात घालायचा आणि मंद आचेवर कढवत बसायचं. तडतड थांबली, म्हणजे पाण्याचा अंश गेला, की उतरवायचं. त्या हिरवट वासाने माजघर भरून जाई आणि आम्ही मुली डोकी पुढे करून ओळीने बसायचो.

मेंदीचा दिवस निराळा. मेंदी काळ्या केसांवर फारशी उठत नाही, पांढरे तेवढे तांबूस होतात. त्यामुळे कुणाचे किती पिकलेत याचा पुरा हिशोब मेंदी धुतली की उन्हात बसल्या बसल्या लागायचा. मग केसांची वंशावळ सुरू. आमच्या घराण्यात केस लवकर पिकतात पण गळत नाहीत. धाकट्या काकूच्या माहेरी काळे राहतात पण चाळिशीच्या आत भांग रुंदावतो. आजोबांच्या मामांकडे सगळे पुरुष टकले. कोण कुणाच्या वळणावर जाणार हे आम्ही परकरात होतो तेव्हाच ठरलेलं होतं. मी आत्याच्या वळणावर जाणार असं मला सांगण्यात आलं होतं आणि तसंच झालं. आनुवंशिकतेचा भाग यात मोठा असतो हे शास्त्रही सांगतं. पण मला त्याचा उपयोग दुसरा झाला. तिशीत पहिला पांढरा केस दिसला तेव्हा हे माझ्याच वाट्याला का, असा प्रश्न मनात आला नाही. तो आत्याचा केस होता, तिच्याकडून आला होता.

थोरल्या काकूचा अंबाडा घरात सगळ्यांत मोठा. वेणी घालून झाली की ती कंगव्यातलं गुंतवळ काढून बोटाभोवती गुंडाळायची आणि पितळी डब्यात टाकायची. बाळंतपणांनंतर केस विरळ झाले तेव्हा त्या साठवलेल्या केसांचं तिने गंगावन करून घेतलं. चाळिशीपासून पुढे तिचा अंबाडा त्या गंगावनावर उभा होता. म्हणजे स्वतःच्याच विशीतले केस ती साठीत माळत होती. आम्हा मुलींना डबाही माहीत होता, गंगावनही माहीत होतं, लग्नकार्यात ते घट्ट बसवून द्यायचं काम आमचंच होतं. पुरुषांपुढे मात्र त्याचा उच्चार नाही. एवढं सगळं करणाऱ्या बाईला रूपाची पर्वा नव्हती असं म्हणणं म्हणजे तिच्या मेहनतीकडे डोळेझाक करणं आहे.

पुरुषांची गोष्ट टोपीशी बांधलेली आहे. आजोबा घराबाहेर काळ्या टोपीशिवाय कधी गेले नाहीत. शिक्षक, वकील, कारकून, दुकानदार, सगळ्यांची डोकी झाकलेली. टक्कल होतं, पण ते घरचं होतं. आमच्या वडिलांच्या पिढीने टोपी खुंटीला अडकवली आणि बोडक्याने कचेरीत जायला सुरुवात केली, तेव्हा पुरुषांचं डोकं प्रथमच चारचौघांत आलं. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केस आडवे ओढून बसवणं आलं, आणि कलप आला. धाकट्या काकांचं लग्न जरा उशिरा ठरत होतं. मुलगी बघायला जायच्या आदल्या रात्री आजीने त्यांना मागल्या पडवीत बसवून जुन्या दाताच्या ब्रशने कानशिलांवर कलप लावून दिला होता. लावताना ती सारखी म्हणत होती, “एवढं काही झालं नाहीये तुझं वय.” पुढे ते बँकेतून निवृत्त होईपर्यंत दर पंधरवड्याला धाकटी काकू त्यांना कलप लावत असे. निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी तो सोडला. साहेबांपुढे थकलेलं दिसायचं नाही, एवढीच त्यांची भीती होती. मिशी मात्र शेवटपर्यंत काळी ठेवली.

या विषयावरचा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा वाद बालगंधर्वांवरून होता. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच उभं केलं, आणि बालगंधर्वांचं, म्हणजे नारायणराव राजहंसांचं, नागठाणेही याच मुलखातलं. 1911 मध्ये ‘मानापमाना’त भामिनी झाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आजोबांनी त्यांना भर तारुण्यातही पाहिलं होतं आणि साठीला टेकल्यावर पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले तेव्हाही पाहिलं होतं. अंगाने जड झालेले, चालणं मंदावलेलं, तरी शालू नेसून. आजोबा सांगायचे की सूर लागला की वय विरघळून जायचं, डोळ्यांपुढे तीच भामिनी. आजी दर वेळी त्यांना तोडायची. ती म्हणे, तुम्ही गाणं ऐकत होता, मी त्यांच्याकडे बघत होते. त्या माणसाला किती कष्ट पडत होते उभं राहायला. लहानपणी आम्हाला आजोबांचं बोलणं आवडायचं. आता मला आजीचं जवळचं वाटतं. एका माणसाने घराघरातल्या बायकांना नेसावं कसं, केस बांधावेत कसे, हे शिकवलं आणि पुढे त्याच वेषात त्याला सगळ्यांसमोर म्हातारं व्हावं लागलं. ते वय आजीने पाहिलं, त्यावर पांघरूण घातलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते न्हाणीघराबद्दल. आमच्या घरी न्हाणीघर एकच होतं. कोपऱ्यात तांब्याचा बंब, चौरंगाएवढा दगड, घंगाळ, आणि दाराला आतून नीट न बसणारी कडी. बायकांना न्हायला दुपारपर्यंतचा वेळ आणि बायका तेवढ्या सात-आठ. एकटीने सावकाश अंघोळ ही चैन कुणाला नव्हती. “पाठ चोळून दे गं” अशी हाक आली की जी मुलगी हाताशी असेल तिने आत जायचं. आजीची पाठ मी किती वेळा चोळली असेल. तिच्या पाठीची कातडी चिमटीत आली की सोडल्यावरही क्षणभर तशीच उभी राहायची. दंडाखाली मऊ लोंबणारं मांस. पोटावर चंदेरी रेघा, सात बाळंतपणांच्या. ओघळलेली छाती, जिच्याकडे ती इतक्या सहजपणे बघायची की आम्हालाही लाजायचं काही कारण वाटलं नाही. थोरल्या काकूच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. धाकट्या काकूच्या गालांवर वांग उठलं होतं आणि ती मसुराचं पीठ दुधात कालवून ते घासत बसायची. आई सडपातळ, तिच्या खांद्यांची हाडं दिसायची.

बारा-तेरा वर्षांच्या होईपर्यंत आम्ही स्त्रीच्या शरीराचं पुढे काय काय होतं ते सगळं पाहिलं होतं, साबणाच्या हातांनी चाचपलं होतं. आणि ज्यांची ती शरीरं होती त्या आमच्या घरातल्या सगळ्यांत ताकदवान बायका होत्या. आजीच्या शब्दाशिवाय घरात लग्न ठरत नव्हतं. तिची लोंबती कातडी आणि तिचा शब्द या दोन गोष्टी आमच्या डोक्यात एकत्रच बसल्या. सत्तावीस वर्षांची माझी भाची मला परवा कपाळावरची एक बारीक रेघ दाखवत होती. ती खरोखर घाबरलेली होती. एका बाटलीवर तिने आठवड्याचा पगार घातला होता. तिने उघडं म्हातारं शरीर कधी पाहिलेलंच नाही. फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर, आजी दुसऱ्या गावात, आणि पडद्यावर पन्नाशीच्या नट्या पस्तिशीत थांबलेल्या. तिच्यावर मी रागावू शकत नाही. जे कधी दिसलंच नाही त्याची भीती वाटणारच. मला तिच्यासाठी वाईट वाटतं, आणि आपल्या पिढीने ही दारं बंद केली याचंही.

जुनं सगळं गोड होतं असं मात्र म्हणवत नाही. आमच्या घरात आत्याआजी होती, आजोबांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि तिचं केशवपन झालं. आमच्या लहानपणी ती सत्तरीत होती, तांबडं आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर. तिला एका दिवसात म्हातारं केलं होतं. जी वर्षं इतर बायका आरशासमोर उभ्या राहून काळजी करण्यात घालवतात, तेवढीही काळजी करायचा हक्क तिला मिळाला नाही. आणि आमच्या वेण्या घरात सगळ्यांत सुरेख तीच घालायची. चापूनचोपून पाचपेडी, एक बट सुटायची नाही. वेणी झाली की ती तिच्या टोकापर्यंत तळहात फिरवायची आणि म्हणायची, “जप हो, फार गुणाचे केस आहेत.” रूपाची चिंता म्हणजे उथळपणा, असं कुणी म्हटलं की मला आत्याआजी आठवते. त्या चिंतेला जागा असणं, हेही एक सुख होतं, जे तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं.

दातांचं थोडक्यात. आजीचे दात मिश्रीने काळवंडलेले आणि हललेले होते, ते एकेक करत सगळे काढले. दात गेले की जबड्याच्या ज्या हाडात ते रोवलेले असतात ते हाड झिजत जातं, म्हणून ओठ आत जातात आणि हनुवटी नाकाकडे सरकते. कवळीही काही वर्षांनी सैल होते ती याच कारणाने. कवळी येईपर्यंतचे महिने आजी पाहुण्यांपुढे आलीच नाही. हसू आलं की पदर तोंडावर. कवळी आली त्या दिवशी तिने आरसा मागून घेतला, तोंड इकडे तिकडे फिरवून पाहिलं आणि आजोबांना म्हणाली, “बघा, आले की नाही मी परत?” रात्री कवळी वाटीत पाण्यात पडायची आणि ती वाटी उचलून फडताळात ठेवायचं काम आजोबा स्वतः करत. नातवंडांनी पाहून हसू नये म्हणून.

आईच्या पिढीचं दुःख वेगळं होतं. आजीला सासूपणाची सत्ता तरी मिळाली. आईच्या वेळेपर्यंत ती सैल झाली होती आणि तरुण राहण्याची मुभा अजून मिळायची होती. पस्तिशी ओलांडली की गडद रंग बंद, मोठी फुलं बंद, “आता आमचं काय राहिलंय?” पडद्यावरही तेच. 1959 च्या ‘सुजाता’त सुलोचनाबाई नूतनची आई झाल्या. नूतन बावीस-तेवीस वर्षांच्या आणि त्यांना सांभाळणारी ही आई तीस-एकतीसची. कोल्हापूरच्या स्टुडिओत नायिका म्हणून उभी राहिलेली ही आपल्याच भागातली बाई तिशीत आई झाली आणि पुढे हिंदी पडद्यावर बहुतेक आईच राहिली. आई आणि काकू तो सिनेमा बघून आल्या आणि किती सोसलंय तिच्या चेहऱ्यावर, असं बोलत होत्या, ही आठवण आई पुढेही सांगायची. त्या दोघीही तेव्हा तिशीतच होत्या. आईची अंजिरी इरकल ट्रंकेत जी गेली ती माझ्या लग्नातच बाहेर आली, माझ्यासाठी. तिने ती आणखी वीस वर्षं नेसायला हवी होती. हे मला अजून खुपतं.

पाळी जाण्याच्या सुमाराला त्वचेतलं कोलॅजेन झपाट्याने उतरतं, हाडंही ठिसूळ व्हायला लागतात, मणके दबून उंची कमी होते. आईला याचं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त एवढं कळलं की पोलक्याला पुढून चोळ येतोय आणि पाठीवर ते वर चढतंय. शिंप्याने काही न बोलता मापं बदलली. बाबांनीही काही न बोलता स्वयंपाकघरातली वरची फळी काढून वीतभर खाली ठोकली. असे न बोलता केलेले बदल घरात बरेच होते. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तेव्हा मात्र डॉक्टरकडे जावं लागलं. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने काहींच्या कातडीचा रंग असा जातो. तेव्हापासून आई पुन्हा मेणावर पिंजर लावू लागली, आणि डागापेक्षा जरा मोठं.

भिंतीवर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो होता. एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे हजार पौर्णिमा भरल्यावर हा सोहळा करतात. फोटोग्राफरने रीतीप्रमाणे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून दोघांच्याही सुरकुत्या बुजवल्या होत्या. आजोबा खूश. आजीने फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ही कोण?” फोटो बैठकीत लागला, पण तिने आपल्या पेटीत ठेवला तो दुसराच, न पुसलेला.

आता आमची पाळी. न्यू जर्सीतली बहीण व्हिडिओवर आली की पहिली पाच मिनिटं फोन कुठे टेकवायचा यातच जातात. फोन तोंडाजवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात, हा भिंगाच्या अंतराचा परिणाम. तिला तो आपला चेहरा वाटतो आणि ती खचते. आतेबहीण अजून केस रंगवते. मागच्या दिवाळीत नव्या पुडीने तिचे डोळे सुजून बंद झाले. काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाचं तिला वावडं निघालं. दोन दिवस आधी कानामागे ठिपका लावून पाहावा, हे आम्ही आता एकमेकींना न चुकता सांगतो. मी रंगवणं सोडलं. तिने सोडलं नाही, डॉक्टरांना विचारून दुसरा रंग घेतला. ती आली की मीच तिला लावून देते, मागे तिचा हात पोचत नाही. आमच्यात कुणाचं बरोबर, हा प्रश्नच निघत नाही.

मधल्या चुलत बहिणीचे कान ओघळलेत. आयुष्यभर मोत्याच्या कुड्या आणि त्यांचं ओझं केसांवर तोलायला वेल लावायचा आळस, त्यामुळे उजव्या पाळीचं भोक लांबत लांबत खाली फाटलं. जागा बधिर करून टाके घालता येतात, थोड्या वेळाचं काम आहे, मग काही महिने थांबून शेजारी नव्याने टोचायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. “या वयात कशाला?” म्हणून ती वर्षभर टाळत होती. आम्ही सगळ्यांनी तिच्यामागे लकडा लावला. पाळी जुळेल, कुड्या घालता येतील, तुला आरशात बरं वाटेल, आणखी काय कारण लागतं? थोरल्या काकूच्या कुड्या तिच्या वाट्याला आल्या आहेत, त्याही सोनाराकडे देऊन हलक्या करून घ्यायच्या ठरल्या. टाके पुढच्या सोमवारी आहेत. टोचायला मात्र सोनारच हवा, डॉक्टर नको, यावर ती अडून बसली आहे.